आधी आई पाहा, मग पिल्लू

मुरुडमध्ये कुत्र्यांना तोटा नाही. राजपुरीच्या जेट्टीवर, एकदऱ्याच्या खाडीकाठी, बाजारात मासळीच्या पाट्यांभोवती गावठी कुत्री दिवसभर हिंडत असतात. ती काटक असतात. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. तरीही नारळी-पोफळीच्या वाडीचा मालक ‘आता एक चांगला कुत्रा आणायचा’ म्हणतो, किंवा काशिद-नांदगावच्या बाजूला बंगला बांधलेलं मुंबईचं कुटुंब तसं म्हणतं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मोठ्या जातीचं जनावर उभं असतं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन. हौस दांडगी असेल तर ग्रेट डेन नाहीतर सेंट बर्नार्ड. वाडीला राखण हवी, मुलांना सोबती हवा. या इच्छेत काहीच वावगं नाही. मात्र मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पुढचं आयुष्य सुखाचं की दुखण्याचं, हे पुष्कळसं पिल्लू घरी येण्याआधीच ठरतं, आणि नेमकं तिथेच आपण सर्वांत कमी लक्ष देतो.

बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. जात पसंत पडते, मग मोबाइलवर फोटो येतात, त्यातलं एक गोंडस तोंड मनात भरतं, आगाऊ पैसे जातात आणि एखाद्या पहाटे ट्रॅव्हल्सच्या गाडीतून, भोकं पाडलेल्या खोक्यात, ते पिल्लू उतरतं. त्याची आई कशी आहे, बाप किती वर्षांचा, ते कुठल्या जागेत जन्मलं, हे कुणी पाहिलेलं नसतं. मी सांगेन, हा क्रम उलटा करा. आधी ब्रीडर शोधा, मग आईबाप पाहा, आणि पिल्लाकडे सर्वांत शेवटी वळा.

हा आग्रह मोठ्या जातींसाठीच का, ते वाढीच्या वेगावरून कळतं. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतं तेव्हा अर्धा-पाऊण किलोचं असतं आणि वर्षभरात पन्नास किलोच्या आसपास जातं. माणसाच्या मुलाला जी वाढ करायला पंधरा-सोळा वर्षं लागतात ती इथे बारा-अठरा महिन्यांत उरकली जाते. या काळात हाडांच्या टोकांजवळची वाढीची कूर्चा मऊ असते, सांधे अजून आकार घेत असतात, आणि त्यांच्यावरचा भार दर आठवड्याला वाढत असतो. लहान चणीच्या कुत्र्यात जो दोष जन्मभर लपून राहिला असता तो इथे दुसऱ्या वर्षीच लंगडण्याच्या रूपाने बाहेर येतो.

खुब्याचा सांधा

या दोषांत सर्वांत जास्त त्रास देणारा दोष खुब्याचा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोलगट उखळीत घट्ट बसायला हवा. काही पिल्लांमध्ये तो सैल बसतो. चालताना माथा थोडा सरकतो, उखळी उथळ होत जाते, कूर्चा झिजते आणि संधिवात सुरू होतो. याला हिप डिस्प्लेझिया म्हणतात. गेरी श्नेल या अमेरिकी पशुवैद्याने कुत्र्यांमधल्या या विकाराची नोंद १९३५ मध्ये केली. तो एखाद्या एकट्या जनुकामुळे होत नाही. अनेक जनुकं मिळून कल तयार करतात आणि खाणं, वजन, वाढीच्या काळातली हालचाल हे घटक तो कल वाढवतात किंवा आवरतात. म्हणूनच आईबाप निर्दोष असूनही एखादं पिल्लू अधू निघू शकतं. पण आईबाप सदोष असतील तर ती शक्यता कितीतरी वाढते.

यातली फसवी गोष्ट अशी की सैल खुब्याचा कुत्रा तरुणपणी धावतो, उड्या मारतो, प्रदर्शनात बक्षीसही मिळवतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. ‘आईबाप एकदम फिट आहेत, बघा कसे पळतात’ हे वाक्य ब्रीडर मनापासून बोलत असेल, तरी त्यातून खुब्याबद्दल काही कळत नाही. त्याला एक्स-रेच लागतो, तोही भूल किंवा गुंगी देऊन, पाय ठरावीक स्थितीत ताणून काढलेला. जर्मन शेफर्डच्या मूळ जर्मन संस्थेने १९६० च्या दशकातच खुब्याच्या एक्स-रेवर आधारित शिक्का वंशावळीत द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत १९६६ मध्ये यासाठी स्वतंत्र संस्था निघाली. ती अंतिम दाखला कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावरच देते. ब्रिटनच्या पद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण असतात, दोन्ही मिळून १०६ पर्यंत, आणि गुण जितके कमी तितका सांधा चांगला. युरोपात बहुतेक ठिकाणी ए ते ई अशी श्रेणी चालते. आपल्याकडेही जर्मन शेफर्ड आणि रॉटवायलर गंभीरपणे सांभाळणारे काही जण असे एक्स-रे काढतात. ते थोडे आहेत, पण आहेत, आणि आपण शोधायचं ते त्यांनाच.

खुब्याबरोबर कोपराचाही एक्स-रे मागावा. मोठ्या कुत्र्याचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. बाकीचे दोष जातीप्रमाणे बदलतात. लॅब्रॅडॉरमध्ये डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार आणि जोराच्या व्यायामानंतर मागचे पाय लटके पडण्याचा विकार आढळतो. दोन्हींसाठी रक्ताची किंवा लाळेची जनुकीय तपासणी होते. डॉबरमनच्या बाबतीत हृदयाचे स्नायू पातळ होऊन ते फुगण्याचा आजार हा मोठा घातक. धडधाकट दिसणारा कुत्रा अचानक कोसळतो. त्याच जातीत रक्त न गोठण्याचा दोषही असतो. जर्मन शेफर्डमध्ये उतारवयात पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू निकामी होऊन मागचे पाय ओढले जातात, तर रॉटवायलरमध्ये हाडाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त. ही नावं पाठ करायची गरज नाही. ब्रीडरला एवढंच विचारायचं, की तुमच्या जातीत कोणते आजार येतात आणि त्यासाठी तुम्ही आईबापांच्या कोणत्या तपासण्या केल्यात. जो जाणता आहे तो या प्रश्नाने खूश होतो आणि फाइल काढतो. ‘आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही’ असं उत्तर आलं तर चहा घेऊन निघावं.

इथे कागदांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे चेन्नईच्या केसीआयचं, प्रमाणपत्र वंशावळ सांगतं. बापाचं नाव, आईचं नाव, आजोबा-पणजोबा. ते मोलाचं आहे, कारण त्यावरून एकच नर दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा येतो का, हे पाहता येतं. तसा येत असेल तर रक्ताच्या नात्यातलं प्रजनन झालं आहे आणि लपलेले दोष वर येण्याची भीती आहे. पण ‘पेपर्सवालं पिल्लू’ म्हणजे निरोगी पिल्लू नव्हे. वंशावळीचा कागद आणि तब्येतीचा कागद वेगवेगळे, आणि आपल्याला दोन्ही हवेत.

ब्रीडरच्या अंगणात

मुरुडहून यासाठी बाहेर पडावं लागतं: अलिबाग, पनवेल, पुणे, मुंबई, कधी सांगली-कोल्हापूर. प्रवास टाळू नये. मार्च २०२० पासून मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला गाडीसकट जाणारी रो-रो बोट सुरू आहे, त्यामुळे मुंबईची फेरी पूर्वीपेक्षा सोपी झाली. पिल्लाच्या जन्माआधी एकदा आणि पिल्लं महिना-सव्वा महिन्याची असताना एकदा, असं दोनदा जाता आलं तर उत्तम.

तिथे पोचल्यावर पहिली मागणी एकच: आई दाखवा. बाप दुसऱ्या गावचा असू शकतो, त्यात गैर काही नाही. चांगले ब्रीडर आपल्या मादीला साजेसा नर शोधायला दूरवर जातात. पण आई पिल्लांजवळच असली पाहिजे. ‘आई गावी पाठवली’, ‘आई आजारी आहे’, ‘ती अनोळखी माणसाला बघून चिडते’ ही कारणं ऐकू आली तर पिल्लं दुसरीकडून गोळा करून आणली असण्याचा संभव धरावा. आई दिसल्यावर तिच्याकडे नीट पाहा. पिल्लं पाजून ती थोडी रोडावलेली असेल, केस झडलेले असतील, ते स्वाभाविक आहे. तिची नजर कशी आहे? मालकाजवळ ती मोकळी असते की दबून? अनोळखी माणूस आल्यावर भुंकली तरी चालेल, पण मालकाने सांगितल्यावर शांत होते का? चाळीस किलोच्या कुत्र्याचा भित्रेपणा घरात फार महाग पडतो, कारण भ्यालेला कुत्राच आधी चावतो, आणि स्वभावाचा बराच भाग पिल्लू आईकडून घेतं; काही रक्तातून, काही पहिल्या आठ आठवड्यांत तिच्याकडे पाहून.

त्या आठवड्यांविषयी शास्त्राने पुष्कळ सांगितलं आहे. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लांचा अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू कोणाला आपलं मानायचं आणि कशाला भ्यायचं हे शिकतं, हा त्यांचा निष्कर्ष आजही आधार मानला जातो. या खिडकीचा निम्म्याहून जास्त भाग ब्रीडरच्या घरी सरतो. म्हणून पिल्लं कुठे ठेवली आहेत ते बघायचं. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, माणसाचा आवाज न ऐकता वाढलेलं पिल्लू आणि स्वयंपाकघराच्या कडेला, मिक्सरच्या घरघरीत, मुलांच्या हाताखाली वाढलेलं पिल्लू, या दोघांत जन्मभराचा फरक पडतो.

भावंडांत राहून पिल्लू आणखी एक गोष्ट शिकतं: चावा किती जोरात घ्यायचा. दात जोरात लागला की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. तीस-चाळीस दिवसांचं पिल्लू ‘लवकर लळा लागतो’ म्हणून विकलं जातं, तेव्हा हे शिक्षण अर्धवट राहतं. आपल्या देशात ते बेकायदाही आहे. केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांसाठी नियम काढले. त्यानुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, विक्रीपूर्वी मायक्रोचिप बसवायची, मादी किमान १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत आणि वर्षात एकापेक्षा जास्त वेत होऊ द्यायचं नाही. शोभेसाठी डॉबरमन-ग्रेट डेनचे कान कापणं किंवा शेपूट तोडणं हेही क्रौर्यच आहे. नोंदणीचा दाखला बघायला मागणं हा तुमचा हक्क आहे. माजाला आली की प्रत्येक वेळी मादीला भरवणारा माणूस तिच्या शरीराचं काय करतो हे तिच्या ओघळलेल्या पोटावरून आणि निस्तेज केसांवरून दिसतं; दाखला नसला तरी हा पुरावा डोळ्यांसमोर असतो.

किती जाती ठेवल्या आहेत तेही मोजावं. एक किंवा दोन जाती वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूस त्या जातीच्या दुखण्यांबद्दल तासभर बोलू शकतो. ज्याच्याकडे सात-आठ जातींची पिल्लं बारमाही तयार असतात तो दुकानदार आहे, त्याला काहीही म्हणा.

आणि सर्वांत चांगली खूण अशी, की तो तुम्हाला प्रश्न विचारतो. घर कोणाचं, कुंपण आहे का, आधी कुत्रा होता का, तो कशाने गेला, दिवसभर घरी कोण असतं? मुरुड परिसरात हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. शनिवार-रविवारी येणाऱ्या मालकाच्या बंगल्यात सोमवार ते शुक्रवार राखणदाराच्या भरवशावर साखळीला बांधलेला लॅब्रॅडॉर मी या किनाऱ्यावर पाहिला आहे, आणि ते दृश्य पाहवत नाही. माणसाच्या सोबतीसाठी घडवलेल्या जातीला एकटं बांधून ठेवणं हा त्या जनावरावर अन्याय आहे. विवेकी ब्रीडर अशा घरी पिल्लू देणार नाही, आणि त्याने नकार दिला तर त्याचं म्हणणं ऐकावं. असा ब्रीडर बहुधा लेखी करारही करतो: पुढे कुठल्याही कारणाने कुत्रा सांभाळता आला नाही तर तो परत त्याच्याकडेच आणायचा. पिल्लासाठी चार-सहा महिने थांबायला लावलं तरी थांबावं. पुढची बारा वर्षं ते आपल्या घरात राहणार आहे.

‘डबल बोन’

आता पिल्लाकडे. या बाजारात काही शब्द सारखे कानावर पडतात: ‘हेवी बोन’, ‘डबल बोन’, ‘शो क्वालिटी’, ‘इम्पोर्टेड लाइन’. शरीरशास्त्रात ‘डबल बोन’ असं काही नसतं. जाड पाय, मोठे पंजे, लोळणारं पोट ही मोठ्या जातीच्या पिल्लात गुणाची लक्षणं समजणं हा आपल्याकडचा सर्वांत नुकसानकारक समज आहे. इम्पोर्टेडबद्दल सांगायचं तर एप्रिल २०१६ मध्ये व्यापारी प्रजननासाठी किंवा विक्रीसाठी परदेशी कुत्रे आणण्यावर सरकारने बंदी घातली होती. ‘आत्ताच बाहेरून मागवलाय’ असं कोणी म्हणालं तर कागद बघायला मागा.

चांगलं पिल्लू मधल्या अंगाचं असतं. बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की बोटांना लागतात. डोळे स्वच्छ, नाक वाहत नाही, हिरड्या गुलाबी, कानात वास नाही, कातडीवर खरजेचे चट्टे नाहीत. अंग बारीक आणि पोट मात्र टम्म असेल तर जंत समजावेत. बेंबीशी मऊ गाठ आहे का, ते बोटाने चाचपावं. त्याला जमिनीवर सोडून चालू द्यावं, पळू द्यावं. मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतं का, ते पाहावं. वेतातलं सर्वांत आडदांड पिल्लू आणि कोपऱ्यात दडलेलं पिल्लू, दोन्ही पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याने टाळावीत. कोणतं पिल्लू कोणत्या घरी शोभेल हे चांगल्या ब्रीडरला आपल्यापेक्षा जास्त कळतं. तो सुचवेल ते घ्यावं.

पिल्लू घेताना जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कॅल्शियमची बाटली पडते. याविषयी मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण प्रेमापोटी होणारी ही सर्वांत मोठी हानी आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात १९८० च्या दशकात हर्मन हाझेविंकल यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांवर अभ्यास केला. जास्त कॅल्शियम दिलेल्या पिल्लांची हाडं बळकट झाली नाहीत. त्यांची वाढ बिघडली, कूर्चेत दोष आले, पाय वाकडे झाले. याचं कारण असं की कोवळ्या वयात पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम बाहेर ठेवता येत नाही. जेवढं पोटात जाईल त्यातलं पुष्कळ रक्तात शिरतं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेल्या तयार खाण्यात कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं. त्यावर बाटली ओतायची नाही. उलट नुसता भात आणि मासे, किंवा दूध-पोळी यावर पिल्लू वाढवायचं असेल तर कॅल्शियम कमी पडतं आणि तिथे पशुवैद्यालाच प्रमाण ठरवू द्यावं. दोन्ही टोकं वाईट आहेत. अंदाजाने चमचा भरू नये.

वजनाबद्दलचा पुरावा तर त्याहून ठसठशीत आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या गेल्या, एकाच वेतातल्या. जोडीतल्या एकाला जेवढं खाणं, त्याच्या पाऊणपट दुसऱ्याला, जन्मभर. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाणारे कुत्रे सरासरी १३ वर्षं जगले, जास्त खाणारे ११.२ वर्षं, आणि कमी खाणाऱ्यांमध्ये खुब्याचा संधिवात उशिरा आला, सौम्य राहिला. ‘आमचा टायगर कसा गुबगुबीत आहे’ या कौतुकाची किंमत जवळजवळ दोन वर्षं होते.

नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींची पिल्लं तपासली. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त आढळला. मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं खेळलेल्या पिल्लांत कमी. मुरुडच्या माणसाला ही गोष्ट ऐकून बरं वाटावं. वाडीतली पालापाचोळ्याची माती म्हणजे नेमकी तशी जमीन. नव्या बंगल्यांतल्या गुळगुळीत लाद्यांवर मात्र पिल्लाचे पाय फाकतात. तिथे सतरंजी नाहीतर रबरी चटई अंथरावी, आणि जिन्यावरून त्याला उचलून न्यावं.

इथल्या हवेत कोण टिकतं

कोणती जात, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून शरीर थंड ठेवतो. हवेतच ओल भरलेली असते तेव्हा ते पाणी उडत नाही. मे महिन्यात मुरुडचा पारा विदर्भाइतका चढत नसला तरी त्या दमट दुपारी जड केसांच्या कुत्र्याचा जीव खरोखर धोक्यात असतो. सेंट बर्नार्ड, अलास्कन मॅलाम्यूट यांना या किनाऱ्यावर आणू नये. एसी लावू, म्हणणाऱ्यांनी इथे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते आठवावं.

ग्रेट डेनबद्दल माझी हरकत वेगळी आहे. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये पोट वायूने फुगून स्वतःभोवती पीळ घेण्याचा प्रकार घडतो. कुत्रा अस्वस्थ होतो, उलटी करायला बघतो पण काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताणतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली तरच तो वाचतो. मुरुडहून अलिबाग सुमारे ५० किलोमीटर, साळाव-रेवदंड्याचा पूल ओलांडून; आणि अशा शस्त्रक्रियेची पूर्ण सोय पाहायची तर मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारख्या ठिकाणी. रात्री अकरा वाजता हे अंतर कसं कापणार, याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याने ग्रेट डेन घेऊ नये. घ्यायचाच असेल तर पोट आतून बरगडीजवळच्या भिंतीला शिवून ठेवण्याची प्रतिबंधक शस्त्रक्रिया होते. तिच्याबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलावं.

रॉटवायलर घेणाऱ्याने कायद्याची बाजू बघावी. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घालायला सांगणारं पत्रक काढलं, त्यात ही जात होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केलं. तरी नगरपरिषदेत चौकशी करून मगच पाऊल टाकावं.

‘बिबट्या येतो म्हणून मोठा कुत्रा हवा’ असंही या भागात ऐकू येतं. फणसाडचं जंगल, जे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं आणि १९८६ मध्ये अभयारण्य झालं, ते मुरुडला लागून आहे आणि तिथे बिबटे आहेत. पण बिबट्याला कुत्रा हे शत्रूपेक्षा खाद्य म्हणून जास्त दिसतं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातला वजनाने ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. कुत्रा केवढाही असो, रात्री तो बंद पडवीत हवा. बिबट्यासाठी कुत्रा आणणं म्हणजे कुत्र्यालाच पुढे करणं.

मग आपल्या मातीतलं मोठं कुत्रं? दख्खनचं कारवान, ज्याला मुधोळ हाउंड म्हणतात, ते उंच, आखूड केसांचं, उष्ण हवेत वाढलेलं. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ते नावारूपाला आणलं, जानेवारी २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं, ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. सांगली, सोलापूर, लातूरकडचे शेतकरी हे कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. जे मोठं जनावर हवंच म्हणतात त्यांना मी आधी याच्याकडे बघायला सांगतो. मात्र हे नजरेने शिकार हेरणारं, वाऱ्यासारखं सुटणारं कुत्रं आहे. फणसाडच्या कडेला ते मोकळं सोडलं तर भेकर-वानरांमागे जाईल, आणि तो वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरेल. उंच कुंपण आणि मजबूत दोरी यांशिवाय ते पाळू नये. नाव झाल्यापासून बाजारात भेसळही शिरली आहे. म्हणून वर सांगितलेले सगळे प्रश्न इथेही तसेच विचारायचे.

पिल्लू घरी यायला दिवाळीनंतरचा काळ बरा. पावसाळ्यात ओल, गोचीड, डास आणि उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हे सगळं एकदम अंगावर येतं, आणि कोकणात लेप्टो नवा नाही. कुत्र्यासाठी त्याची लस असते, ती टाळू नये. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो आजही पिल्लांचा सर्वांत मोठा शत्रू आहे. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण काही आठवडे लसीलाच निष्प्रभ करतं, म्हणून एक डोस पुरत नाही. सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस. तोवर पिल्लाला समुद्रावर भटक्या कुत्र्यांत सोडू नये. कडेवर घेऊन मात्र जरूर फिरवावं. लाटांचा आवाज, बैलगाडी, घोडागाडी, पर्यटकांची गर्दी, हे सगळं त्या वयात पाहिलेलं पिल्लू पुढे कशाला बिचकत नाही.

म्हणून ब्रीडरला पहिला फोन कराल तेव्हा किंमत विचारू नका. आई किती वर्षांची आहे, तिचं हे कितवं वेत, तिच्या खुब्याचा एक्स-रे कधी काढला आणि तो मला केव्हा बघायला मिळेल, एवढं विचारा. यातल्या एका प्रश्नालाही बगल दिली गेली तर फोन ठेवा आणि पुढचा नंबर लावा.